थोरलीच्या हातचं पाणी

बुधवार, १२ फेब्रुवारी. माघ पौर्णिमा

आज नव्या जागेत सामान पोचलं, ते असं: लोखंडी कपाट एक, गाद्या दोन, देव्हारा, धान्याचे डबे नऊ, तुळशीची कुंडी (एक फांदी मोडली). गंगापूरहून टेम्पो अठराशे, हमाली चारशे. पाण्याचे निळे ड्रम शहागंजात नवे घेतले. एकाचे साडेसातशे म्हणत होता, दोन घेते म्हटल्यावर तेराशेला दिले. सासूबाईंचा तांब्याही आला. त्याची किंमत मांडत नाही.

जागा हर्सूलला. वर दोन खोल्या, पुढं गच्ची, गच्चीतून तलावाची एक पट्टी दिसते. यांना शेंद्र्याच्या कंपनीत मालाचा ट्रक चालवायचं काम लागलं, म्हणून गाव सोडलं. लेक तिच्या घरी सुखात आहे, आता दोघंच. शहरात जीव घाबरा होईल असं वाटलं होतं, पण देव मांडले, दिवा लावला आणि घर आपलं वाटायला लागलं.

खाली घरमालकीण राहतात, प्रमोदिनीताई. एकट्याच. कॉलेजात मराठी शिकवायच्या, आता नाटकं लिहितात आणि बसवतात. नळ आठव्या दिवशी येतो, तोवर कसं भागवाल, म्हणून स्वतः कळशीभर पाणी वर घेऊन आल्या. एवढ्या शिकलेल्या बाई, पण थेट स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. नव्या घरातलं पहिलं पाणी त्यांच्या हातचं प्याले. शकुन चांगला आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

हे चेन्नईच्या फेरीवर गेले. आठ दिवस तरी लागतील.

ताई रोज दुपारी तीनच्या सुमाराला चहाला येतात. आज त्यांची नजर फडताळातल्या तांब्यावर गेली. सगळी भांडी वापरात आणि हा एकटाच फडक्यात का बांधलाय, असं त्यांनी विचारलं. मग मी सांगत बसले, एकातून एक निघतं तसं.

अकरा वर्षांमागं सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पोटाचं दुखणं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं शहरात न्यायचं ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, तोवर पाण्याचा घोट द्यायचा नाही, फार झालं तर कापसानं ओठ ओले करा. चैताचं ऊन. म्हातारी दुपारभर पाणी पाणी करत राहिली. ताईंना मी असं सांगितलं, की माझ्या थोरल्या जाऊबाई, चतुराबाई, उशाशी तांब्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तांब्याच्या तोंडावर हात ठेवून, आणि त्यांनी ओठसुद्धा ओले केले नाहीत. दिवस कलायच्या आत म्हातारी तहानलेली गेली. तेव्हापासून जाऊबाईंचा आणि माझा अबोला.

ताईंनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली. मग एवढंच विचारलं, की हात डावा होता का उजवा? मी म्हटलं, डावा.

माझं बोलणं इतकं कान देऊन कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. आमच्यात बाई बोलायला लागली की माणसं ताट वाढायला सांगतात.

यापुढं लिहीत नाही. या वहीत मी आजवर एक आकडा खोटा मांडलेला नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

उपास. नळ आला, दोन्ही ड्रम काठोकाठ.

ताईंनी मोठ्या आनंदानं सांगितलं, की त्या गोष्टीवर नाटक लिहून झालं. मी म्हटलं, अहो, ती बाई जिवंत आहे. आमच्या गावाहून इथवर दिवसभर जीपा चालतात. त्या हसल्या. म्हणाल्या, चतुराबाईची चंपाबाई केली, गाव बदललं, आणि नाटकाच्या पत्रिकेवर आधीच छापतो ना, की यातली सगळी पात्रं काल्पनिक आहेत. मी माणसं घेत नाही, मनकर्णाबाई, माणसांचं दुःख घेते.

दूध नेते पण म्हैस नेत नाही, तशातली गत. असं मनात आलं.

त्यांनी दोन पानं वाचून दाखवली. नाव बदललंय खरं, पण डाव्या भुवईवरचा व्रण तोच, तपकिरीची डबी तीच. जाऊबाईंना दर चार वाक्यांनी, आपलं नाणं खणखणीत हाय, असं म्हणायची सवय आहे, तीसुद्धा तशीच. हे सगळं मीच सांगितलं होतं, हसत हसत. व्रण तरी काढा म्हटलं, तर म्हणाल्या, व्रण काढला तर बाईच उरत नाही.

पहिल्या रांगेत बसवते म्हणाल्या. खरं लिहायचं तर बरं वाटलं.

बुधवार, ५ मार्च

खाली तालमी सुरू झाल्या, तीन ते सहा. चंपाबाईचं काम सई नावाची मुलगी करते. गोड पोरगी, काकू काकू करते. आज ताईंनी तिला वर पाठवलं, थोरली कशी बसली होती ते बघून ये म्हणून.

मी फडकं सोडलं आणि तांब्या मांडीवर घेतला. डावा हात वर ठेवला, अंगठा काठावरून फिरवला. सई बघतच राहिली. म्हणाली, काकू, तुम्ही तर रोज अशा बसत असल्यासारख्या बसलात. मी चटकन उठले.

माझ्या डाव्या मनगटावर तुळशीवृंदावनाचं गोंदण आहे, तिनं तेही निरखलं. मी तिला बजावून सांगितलं, की हे माझं आहे, थोरलीच्या हाताला गोंदण नाही, हे घेऊ नकोस. हो म्हणाली.

जाताना तांब्या मागून नेला, नाटकापुरता. द्यायला नको होता.

शुक्रवार, १४ मार्च. धूळवड

नाटकात म्हातारी दिसत नाही. नुसती बाज, आणि पडद्यामागून आवाज. तालमीत तो आवाज ताईच देतात. माझ्या फरशीखालून स्पष्ट ऐकू येतो. थोरले, पाणी दे गं. रोज वीस-वीस वेळा. सासूबाईंचा आवाज ताईंनी कधी ऐकला नाही, तरी —

आज ताई रंगाचं बोट लावायला वर आल्या आणि एक गंमत म्हणून सांगितलं. कागदावर थोरले लिहिलंय, पण तोंडातून येतं धाकले. चार वेळा तसंच झालं. सई हसून हसून लोळली म्हणे. मग त्यांनी सहज विचारलं, की तुमच्या सासूबाई तुम्हाला काय म्हणून हाक मारायच्या हो? मी म्हटलं, नावानंच.

सासूबाई मला आयुष्यभर धाकले म्हणाल्या. मनकर्णा एकदाही नाही.

हे मी ताईंना सांगितलेलं नाही. वही मागं चाळून पाहिली, सोळा तारीख दोनदा वाचली. नाही सांगितलेलं.

मंगळवार, १८ मार्च

ताई पत्रिका छापायला गेल्या, तालीम नव्हती. खालच्या दाराला मी स्वतः कुलूप पाहिलं.

दुपारी तीनला मी डाळ निवडत होते. खालून हाक आली. धाकले.

जिना उतरून गेले. कुलूप तसंच. खिडकीतून पाहिलं, दिवाणखान्यात कुणी नाही. मधोमध नाटकातली बाज आणि बाजेखाली आपला तांब्या. काठोकाठ भरलेला. पाणी हलत होतं, कुणी नुकतंच ठेवावं तसं.

डाळीत खडे राहिले असतील, पुन्हा निवडली.

मंगळवार, २५ मार्च. पापमोचनी एकादशी

देवळात कथा ऐकली. या एकादशीला बोलून टाकलं की पाप सुटतं, असं महाराज म्हणाले. माझ्या शेजारची बाई माझ्याकडं बघत होती असं वाटलं. मी पेढे घेऊन परत आले.

परवा नळ आला तेव्हा दोन्ही ड्रम भरले होते. आज एकात वीतभर पाणी राहिलंय. गळती नाही, फरशी कोरडी ठणठणीत. हे पुन्हा लांबच्या फेरीवर, मी एकटी बाई एवढं पिते का? मात्र तहान लागते खरी. कितीही प्यालं तरी टाळूला लागत नाही.

गुरुवार, २७ मार्च. रंगभूमीचा दिवस

प्रयोग झाला. परत येऊन लिहीत आहे, अक्षर वाकडं येतंय.

हॉल भरला होता. मी पहिल्या रांगेत, शेजारी ताई. त्यांचा घसा बसला होता म्हणून म्हातारीचा आवाज आधीच मोबाईलवर भरून ठेवला होता. आपल्या गावची माणसं आली होती, कडुबा दूधवाला आणि त्याच्याबरोबरचे सात-आठ. सईनं पहिल्यांदा आपलं नाणं खणखणीत हाय म्हटलं, तशी मागून शिट्टी आली. कडुबा मोठ्यानं म्हणाला, अर्र, ही तर आपली चतुराबाई! सगळे हसले. हसता हसता मोबाईल वर काढून चित्र घ्यायला लागले.

मग तो प्रसंग. सई बाजेशेजारी बसली, तांब्या मांडीवर, डावा हात वर. मनगटावर हिरवं गोंदण. मी नको म्हटलं होतं.

आवाज आला. धाकले, दे गं. आता तूच दे.

ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. हे वाक्य माझं नाही, असं त्या घोगऱ्या आवाजात पुटपुटल्या. हे मी लिहिलं नाही, भरलं नाही.

सईनं अंगठा काठावरून फिरवला आणि पहिल्या रांगेकडं मान वळवली. नाटकात तिनं मान वळवायची नव्हती. माझ्याकडं बघत राहिली, पडदा पडेपर्यंत.

शुक्रवार, २८ मार्च

आज खरं मांडते. एकदाच.

त्या दिवशी सासूबाईंनी पाणी मागितलं तेव्हा मी कापूस भिजवून पुढं झाले. त्यांनी तोंड फिरवलं. तुझ्या हातचं नको, थोरलीच्या हातचं पाहिजे, असं म्हणाल्या. सतरा वर्षं त्यांचं केलं होतं मी. थोरली घरात नव्हती. शेवटी गंगेचं पाणी तोंडात पडावं म्हणून ती कायगावला गोदावरीवर गेली होती, मला सांगून. मी म्हटलं, मग थोरली येईस्तोवर थांबा. तांब्या मांडीवर घेतला, वर डावा हात ठेवला आणि बसले. तास झाला, दोन झाले. शेवटी त्या म्हणाल्या, धाकले, दे गं, आता तूच दे. मी ऐकलं. हात काढला नाही.

थोरलीची जीप वाटेत बंद पडली. ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. माणसांना मी सांगितलं, की मी रानात होते, थोरली जवळ आहे म्हणून निर्धास्त होते. थोरली म्हणत राहिली, धाकली होती उशाशी, मी सांगून गेले होते. माझं सगळ्यांना पटलं, तिचं कुणाला पटलं नाही. अकरा वर्षं लोक तिला म्हणतात, सासूला एकटी टाकून फिरायला गेली. आणि मी ताईंच्या कानात त्याहून वाईट घातलं.

हे चतुराबाईला सांगायचं आहे. उद्या सांगते.

रविवार, ३० मार्च. पाडवा

गुढी उभारली. गडूच्या आत हात घातला तर नुसता कोरडेपणा लागला, जळल्यासारखा.

गोकुळचा फोन आला, जाऊबाईंचा मुलगा. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, काकू, शहरात कुणीतरी आमच्या आईचं नाटक केलं म्हणं, गावात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतंय. पोरं दारावरून जाता-येता ओरडतात, म्हातारे पाणी दे. कायगावचं पाणी आणल्याचं ती नाटकच करत होती, असं लोक म्हणतात. माझ्या बहिणीची, सोनियाची सोयरीक मोडायला आली. आणि आईनं परवापासून पाणी सोडलंय. म्हणती, जी तिथं होती तिनं येऊन तोंडानं सांगावं, मग पाणी घेईन.

मग विचारलं, काकू, हे नाटकवाल्यास्नी सांगितलं तरी कोणी?

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

गुढीवरून कडुनिंबाची पानं झडून पडली. वारा नव्हता.

गुरुवार, ३ एप्रिल

ताई आल्या. घसा बरा झालाय. आल्या आल्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, खोलीत धाकली होती ना? त्यांनी माझा हात हातात घेतला, मायेनं. बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, आता खरं नाटक सापडलं. थोरलीचं नव्हतंच ते. धाकलीचं आहे. लिहायला घेतलंय.

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं ताई, नका, मी जिवंत बाई आहे, लेकीच्या सासरी कळेल.

त्या म्हणाल्या, चतुराबाईही जिवंतच होती, मनकर्णाबाई. तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेतली जागा घेतलीत.

मी त्यांचे पाय सोडले.

आज नळाचा दिवस, या खेपेला तीन दिवस उशिरा. सगळ्या गल्लीला आला. माझ्या नळाला नुसती हवा, आणि हवेत —

रविवार, ६ एप्रिल. रामनवमी

गोकुळ फोनवर रडत होता. आईला पाडव्यापासून दवाखान्यात सलाईनवर ठेवलंय, आता तेही हातानं उपटून टाकती. डॉक्टर म्हणतात, असं चाललं तर दोन-चार दिवस. काकू, तुम्हाला काही ठाऊक असेल तर बोला.

मी बोलायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. ओठ हलतात, आवाज नाही. तो हॅलो हॅलो करत राहिला.

ड्रम रिकामे. कळशी रिकामी. दुकानातून बाटली आणली, वीस रुपये. झाकण काढलं, तोंडाला लावली. आत काही नाही.

यांना फोन लावला, उचलला. तिकडून हे बोलत होते, मी —

मंगळवार, ८ एप्रिल. एकादशी

ताप. उठवत नाही. कालपासून पडूनच आहे.

दुपारी तीनला सई आली. दार वाजलं नाही. उशाशी बसली. मांडीवर आपला तांब्या. भरलेला, डुचमळताना ऐकू येतो. मी खुणेनं मागितलं. डावा हात वर ठेवून बसून राहिली. अंगठा काठावरून —

शिकायला आली असेल. नव्या नाटकासाठी.

बुधवार

ताई खाली फोनवर बोलतात. ऐकू येतं. कुणाला तरी सांगतात, सई पाडव्यापासून पुण्याला आहे, पुढच्या आठवड्यात येईल.

मग ही —

गोंदणाची एक रेघ वेडीवाकडी आहे, गोंदताना लहानपणी मी हात ओढला होता. तिच्या मनगटावर तीच रेघ.

लुगडं माझं. मीच —

तीन वाजले

हे पान फाडून पाकिटात घालते. गोकुळचा पत्ता आणि तिकीट लावून ठेवलंय, स्वतःचा पत्ता लिहिलेलं कोरं कार्डही आत घातलंय. खिडकीतून खाली टाकीन. ताईंना सापडलं तर पेटीत टाकतील, किंवा नाटकात घालतील. नाटकात घातलं तरी चालेल, माझं नाव बदलू नका.

चतुराबाई जाऊबाईंस, धाकलीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही तिथं नव्हता. मी होते. तांब्या माझ्या मांडीवर होता. त्यांनी शेवटी माझ्याकडं मागितलं आणि मी दिलं नाही. रानात गेले हे खोटं. नाटकातलं मी सांगितलं, तेही खोटं. हे पान गावात वाचून दाखवा, कडुबाला आधी. तुमचं नाणं खणखणीत आहे. आता पाणी घ्या. जाऊबाई, घ्या.

आणि एक. ही उठत नाही. खुणेनं म्हणते, थोरली येईस्तोवर थांब. मला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही आता, बाटली, नळ, काही. फक्त तुमच्या हातचं. कायगावहून आणायला नको, साधंच, घोटभर. तुम्ही पाणी घेतलं का, आणि येता का, एवढं उलट टपाली कळवा, लवकर कळवा, ती अजून हात —